भिंतीची जाडी

बस सुटली आणि मी पळालो. तसं काही कारण नव्हतं. दुसरी बस दहा मिनिटांत येतेच, आणि मला तरी कुठे कामाला जायचं होतं? दुकानाच्या पायरीवर उभा होतो, एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्या हातात लेकीच्या वह्यांना घालायच्या खाकी कागदाची गुंडाळी. बस हलली आणि पाय आपले आपण निघाले. पाच-सहा पावलं असतील. स्टॉपवरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, ते म्हणाले, धावा, धावा, मिळेल अजून; आणि नेमकं तेव्हा मला आठवलं की आपल्याला पळायचं नाहीये. असा काही थांबलो की मागून येणारी बाई पाठीवर आदळली आणि चार शब्द ऐकवून गेली. बस गेली. म्हाताऱ्यांनी मान हलवली, आजकालच्या पोरांत दमच नाही अशा अर्थाची. त्यांना काय सांगणार? की अहो आजोबा, मी पळूनच पोट भरतो. फुटबॉल क्लबात मला इंजिन म्हणतात. मैदानाच्या मध्यभागी खेळतो, या टोकाकडून त्या टोकाकडे चेंडू नेऊन पोचवणं एवढंच मला येतं, आणि त्यासाठी लोक तिकीट काढतात. आणि सध्या मला पळायची बंदी आहे. मी त्यांच्या शेजारी बसलो, पिशवी मांडीवर घेतली आणि मनगटावर दोन बोटं ठेवली. नाडी जोरात चालली होती. त्या पाच-सहा पावलांत मला इतकं बरं वाटलं होतं की रडू यावं. त्या बरं वाटण्याच्या पाठोपाठ भीती आली, ती नेहमीची. पण भीतीच्याही मागे आणखी काहीतरी होतं, आणि त्याच्याकडे मान वळवून बघायची माझी छाती होत नव्हती.

बंदी घातली ती हृदयाच्या डॉक्टर बाईंनी. आमच्या संघातला काका खेळता खेळता मैदानावरच गेला, त्यानंतर क्लबने आम्हा सगळ्यांना रांगेत उभं करून तपासून घेतलं. मशीनच्या पडद्यावर माझं हृदय बघता बघता बाई एकदम गप्प झाल्या. डॉक्टर लोक गप्प झाले की समजावं काहीतरी निघालं. मग त्यांनी कागदावर चित्र काढलं. ते बटाट्यासारखं झालं आणि त्या स्वतःच हसल्या. बटाट्याची एक बाजू पेनने गिरवून जाड केली आणि म्हणाल्या, ही तुमच्या हृदयाची भिंत, जरा जास्त जाड आहे. आता गंमत अशी की वर्षानुवर्षं पळणाऱ्या माणसाची भिंत जाड होतेच. जसे पोटऱ्यांचे गोळे होतात तसंच ते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण एक दुखणं आहे, त्यातही अशीच जाड होते. काका त्याच दुखण्याने गेला. तुमची जाडी दोन्हींच्या मधोमध आहे, आणि आज नुसतं बघून फरक सांगता येत नाही. मी विचारलं, मग कळणार कसं? तर म्हणाल्या, काही करू नका. तीन महिने काहीच करू नका. पळायचं नाही, वजनं उचलायची नाहीत, चेंडूला पायसुद्धा लावायचा नाही. पळण्याची जाडी असेल तर ती उतरेल. नाही उतरली, तर दुखणं. मी म्हटलं, एवढंच? हो, म्हणाल्या, एवढंच. आयुष्यभर काहीतरी कर, काहीतरी कर म्हणून कोच लोक मागे लागले, आणि पहिल्यांदा कुणीतरी सांगत होतं की काही केलं नाहीस तर वाचशील.

काका म्हणजे माझा काका नव्हे. आमच्याकडे मागे खेळायचा, बचावात. माझ्याहून चांगला पाच वर्षांनी लहान, पण विशीतच टक्कल पडायला लागलं म्हणून सगळे काका म्हणायचे, आणि तोही मजेत वडीलधाऱ्यासारखा वागायचा. ड्रेसिंग रूममध्ये कुणी टॉवेल जमिनीवर टाकला की कंबरेवर हात ठेवून म्हणायचा, हेच शिकवलं का घरी? त्याच्याबद्दल सांगायचं तर आधी पाळीचं सांगायला हवं, आणि ते बाहेरच्या माणसाला सांगायची लाज वाटते. आमच्या संघात पडायची पाळी असते. आपण आघाडीवर आहोत आणि शेवटची थोडी मिनिटं उरलीत, की एकेकाने पडायचं. पोटरी धरायची, तोंड वाकडं करायचं, लोळायचं. फिजिओ येतो, फवारा मारतो, पाणी पाजतो, तेवढं घड्याळ पुढे सरकतं आणि समोरच्यांची लय मोडते. प्रेक्षक आईवरून शिव्या घालतात, त्या ऐकून घ्यायच्या. एकच माणूस दोनदा पडला तर पंच कार्ड काढतो, म्हणून कोचने पाळ्या लावून दिल्या होत्या. आणि फिजिओला ताकीद होती की आपण पुढे असलो तर तू पळायचं नाहीस. पंचाने बोलावलं की चालत यायचंस. मागे असलो तर मात्र वाऱ्यासारखा ये. सगळेच संघ थोड्याफार फरकाने हे करतात. आम्ही जरा शिस्तीत करायचो.

त्या दिवशी आम्ही एका गोलने पुढे होतो. गोलकीपर पडून झाला होता, डावीकडचा पडून झाला होता, आता माझी पाळी होती. खरं सांगतो, मी पडायला जागा शोधत होतो. मधला भाग चिखलाने भरला होता आणि मला भिजायचं नव्हतं. चेंडू लांब दुसऱ्या टोकाला होता. तेवढ्यात काका पडला. मला वाटलं, याने माझी पाळी घेतली. मनात म्हटलं, बरं झालं, सुटलो. पडला पण कसा, सरळ तोंडावर, हात न टेकता. मी म्हटलं, काका आज रंगात आहे. माणूस कितीही नाटकी असला तरी पडताना हात पुढे येतोच, तो कुणाला थांबवता येत नाही. आम्ही सगळे पडणारे, आम्हाला हे सगळ्यात आधी कळायला हवं होतं. पंचाने एक नजर टाकली आणि खेळ चालू ठेवला. आधी दोघे पडले होते, तो तरी किती जणांना फसणार? प्रेक्षकांनी हुर्यो केली. समोरच्या संघातला एक दाढीवाला चिडून काकापाशी गेला, त्याचा दंड धरून ओढला आणि म्हणाला, "ऊठ, पुरे झाली नाटकं." दंड सोडला तर हात तसाच खाली पडला. मी त्या दाढीवाल्याचं तोंड बघत होतो. आम्हा दहा जणांच्या आधी ते त्याला कळलं. तो आमच्याच बाकाकडे वळून ओरडायला लागला, दोन्ही हातांनी बोलावायला लागला, आणि आमचा फिजिओ छोटी पेटी हातात घेऊन चालत येत होता. बागेत फिरायला निघाल्यासारखा, चिखल चुकवत. कारण आम्ही पुढे होतो. मग तोही पळाला, पण त्याच्या पेटीत फवारे आणि पट्ट्या. झटका देणारं यंत्र पलीकडे अॅम्ब्युलन्सपाशी. ते आणायला पुन्हा कुणीतरी पळालं. दाढीवाला काकाची छाती दाबत होता आणि मोठमोठ्याने रडत होता. किती वेळ वाया गेला ते नंतर टीव्हीवाल्यांनी मोजून दाखवलं. तो आकडा कुणी बोलायला लागलं की मी उठून दुसऱ्या खोलीत जातो.

सामना तिथेच थांबवला. उरलेली मिनिटं पुढे एका दुपारी रिकाम्या मैदानात खेळवली. तोवर माझी तपासणी होऊन मी घरी बसलो होतो, म्हणून टीव्हीवर बघितलं. कुणी पडलं नाही. एकाच्या पोटरीत खरोखरच गोळा आला होता, तो लंगडत लंगडत खेळला पण खाली बसला नाही. आम्ही जिंकलो. तीन गुण मिळाले. बायको म्हणाली, बंद कर ते, आणि मी बंद केलं.

बायको दात करते. म्हणजे दातांच्या लॅबमध्ये कामाला आहे, कवळ्या करते. मेणात एकेक दात बसवते, घासते, रंग जुळवते. घरी येते तेव्हा नखांत प्लॅस्टर असतं आणि समोरच्याच्या डोळ्यांकडे बघण्याआधी ती त्याच्या तोंडाकडे बघते, एवढी सवय. लग्नाच्या आधी मला म्हणाली होती, तुझा पुढचा दात खोटा आहे आणि केलाय पण वाईट. तो तिनेच नवीन करून दिला. या तीन महिन्यांत आमचं घर उलटं झालं. ती सकाळी डबा घेऊन बाहेर पडायची, लेक शाळेत जायची, आणि मी दार लावून घरात. पहिला आठवडा सुट्टीसारखा गेला. मग घरातल्या वस्तू अंगावर यायला लागल्या. कपाटाचं दार करकरतं हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. दुपारी तीनला समोरच्या गॅलरीत एक बाई उशा झटकते, रोज, त्याच त्या उशा. वॉशिंग मशीन शेवटी जोरात फिरायला लागली की फरशीतून तळपायाला कळायचं आणि मी बोटं मनगटावर ठेवायचो. डाव्या कुशीवर निजलो की कानात ठोके ऐकू यायचे, म्हणून उजव्या कुशीवर निजायला शिकलो. एवढी वर्षं तो आत धडधडत होता आणि मी त्याची कधी चौकशी केली नव्हती. आता दिवसभर तेच. काय बाबा, उतरलास का? किती उतरलास? जिन्यात भेटतील ते विचारायचे, काय, मजा आहे की नाही? मजा आहे, म्हणायचो. पोटऱ्या उतरायला लागल्या होत्या. पँट कंबरेत घट्ट आणि मांडीत सैल व्हायला लागली. ते बघून बायको खूश व्हायची. म्हणायची, पाय उतरले म्हणजे तेही उतरत असणार. तिचं गणित साधं होतं.

काकाच्या वडिलांकडे मी गेलो होतो, तेही सांगून टाकतो. जावंसं वाटत नव्हतं, पण न जाऊन कसं चालेल? त्यांचं कुलपांचं दुकान आहे. किल्ल्या करून देतात. दुकान उघडं होतं. मला बसायला स्टूल दिलं, चहा सांगितला, आणि एका गिऱ्हाईकाची किल्ली कानशीने घासत राहिले. मी आपला काकाबद्दल चांगलं चांगलं बोलत होतो, सगळ्यांना कसा हसवायचा, टॉवेलचं वगैरे. ते हूं हूं करत होते. किल्ली झाली, गिऱ्हाईक गेलं. मग त्यांनी चष्मा काढला. "तो पडला तेव्हा तू कुठे होतास?" मी म्हटलं, तिथेच, जवळच. "मग?" एवढंच विचारलं त्यांनी. रागाने नव्हे, त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. पाळीचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि मलाही सांगता आलं नाही. आम्हाला वाटलं तो पडलाय, असं मी म्हणालो. ते म्हणाले, हो, पडलाच होता. पुढे आम्ही दोघं चहा पीत बसलो.

फिजिओ एका दुपारी घरी आला. त्याला काढून टाकलं होतं. कोच आहे तिथेच आहे, तो कशाला जातोय. मला वाटलं फिजिओ कोचवर तोंडसुख घेईल. तर तो आला, बूट काढले, आणि सवयीने खाली बसून माझी पोटरी दाबून बघायला लागला. मऊ झाली, म्हणाला. मी म्हटलं, व्हायलाच हवी. मग पाय हातात तसाच धरून तो माझ्याकडे न बघता बोलला.

"तो हात न टेकता पडला, ते मी बघितलं होतं."

त्याचा अंगठा माझ्या पोटरीवरच होता.

"बघितलं होतं आणि तरी चालत आलो. डोक्याला कळलं होतं रे. पायांना चालायचीच सवय लागली होती."

मी म्हटलं, तुला तसं सांगितलेलंच होतं. तो म्हणाला, सांगितलेलं होतं, हो, सगळे तेच म्हणतात. पाय खाली ठेवला, हात धुतले, आणि चहा न घेता गेला. त्याच्या मागे मी खिडकीतून बघत राहिलो. रस्त्याच्या कडेने तो भराभरा चालत होता, जवळजवळ पळतच होता, कुठे जायचं नसताना. मला त्याची दया आली, आणि दया येतेय म्हणून स्वतःचा राग आला.

तर ते तिसरं काय होतं, भीतीच्या मागचं? त्या दिवशी बसस्टॉपवर त्या म्हाताऱ्यांच्या शेजारी बसून मला ते टाळता आलं नाही. मला दुखणं हवं होतं. झालं, बोललो एकदाचं. भिंत उतरू नये असं मला वाटत होतं. उतरली तर डॉक्टर बाई हसून म्हणणार, तुम्ही ठणठणीत, जा खेळा; आणि मग मला त्या चिखलात परत जायला लागणार, जिथे चेंडूकडे बघायच्या ऐवजी मी दर मिनिटाला आजूबाजूला कोण उभं आहे आणि कोण नाही ते मोजत बसणार. मी घाबरलो होतो. साधा घाबरलो होतो, अंधाराला पोर घाबरतं तसा. पण हे सांगायचं कुणाला? मी तिशी उलटलेला माणूस, संघातला जुना, माझ्याकडे बघून पोरं पळतात. भीती वाटते म्हणून खेळ सोडला असं कुणी आजवर म्हटलेलं मी ऐकलं नाही. पण दुखणं निघालं की प्रश्नच मिटतो. कुणी काही विचारत नाही. मैदानात बोलावतात, लोक उभे राहून टाळ्या वाजवतात, लहान पोरांना शिकवायला ठेवून घेतात. आणि दुखणं तरी कसलं? ना खोकला, ना ताप. नुसतं पळायचं नाही एवढंच. ते तर मी करतच होतो. एकदा जेवताना बायकोने ताटातून मान वर न करता विचारलं होतं, "तुला भीती वाटते का रे परत जायची?" मी म्हटलं, छे. ती म्हणाली, वाटत असली तर सांग, मला तू न खेळलेला चालेल, आजारी नको. मी म्हटलं, तुझं आपलं काहीतरीच. सांगितलं असतं तर तिथेच संपलं असतं. पण तोंडात घास होता, समोर लेक बसली होती, आणि मी इंजिन होतो. त्यानंतर मी रोज मनातल्या मनात मागायला लागलो. कुणाकडे ते माहीत नाही. उतरू नकोस, म्हणायचो आतल्याला, तसाच राहा.

तीन महिने भरले तेव्हा मला तपासणीच्या एका नळकांड्यात घातलं. आत ठोकल्यासारखे आवाज, दंडात सुईतून गार औषध, आणि कानात एका मुलीचा आवाज, श्वास घ्या, धरा, सोडा. मी सांगितलं तसं केलं. दोन दिवसांनी आम्ही दोघं बाईंच्या समोर बसलो. बायकोने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, नखं स्वच्छ घासून आली होती. बाईंनी या वेळी चित्र काढलं नाही.

"भिंत उतरलेली नाही," त्या म्हणाल्या. "आणि आत व्रण आहेत. बारीक आहेत, पण आहेत. हे पळण्याचं नाही. हे जन्मापासूनचं आहे."

मला हलकं वाटलं. खोटं कशाला सांगू, इतकं हलकं वाटलं की हसू येईल की काय अशी भीती वाटली. मग मी दुःखी चेहरा केला. चेहरा करण्यात आम्ही पटाईत असतो. बायकोने टेबलाखाली माझा हात धरला, तिचा हात गार पडला होता, आणि मी तो दाबून तिला धीर दिल्यासारखं केलं. बाई बोलत होत्या. खेळ संपला, हे त्यांनी स्पष्टच सांगितलं. छातीत एक छोटं यंत्र बसवायचं की नाही ते पुढे ठरवू. गोळ्या. चालायला हरकत नाही, नीट सांभाळलंत तर म्हातारे व्हाल. मी मान हलवत होतो. मनात मैदानावर उभा राहून टाळ्या घेत होतो, पोरांना शिकवत होतो, दुपारी घरी येऊन जेवत होतो. सगळं किती सरळ झालं होतं.

"आता घरच्यांचं बघू," बाई म्हणाल्या. "हे रक्तातून येतं. तुमचे आई-वडील, भावंडं, मुलं, सगळ्यांना तपासायला लागेल."

मला वडील आठवले. डॉक्टरकडे यायला ते किती कटकट करतील, त्यांना काय थाप मारून आणावं, असा विचार मी करत होतो. माझ्या हातातला बायकोचा हात निघून गेला.

"मुलं म्हणजे?" ती म्हणाली.

"मुलं. किती आहेत तुम्हाला?"

"एक मुलगी आहे. आठ वर्षांची."

"तिलाही असण्याची शक्यता अर्धी आहे," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांनी आवाज मऊ केला. "अर्धी नसण्याचीही आहे."

मला ते कळायला वेळ लागला. ज्याची मी रोज मागणी करत होतो ते माझ्या एकट्याच्या छातीत नव्हतं, ही गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नव्हती कधी. तीन महिने मी माझ्याच मनगटावर बोटं ठेवून बसलो होतो आणि ती समोर बसून वहीला कव्हर घालत होती, दूधभात खात होती. मी एकदम बोलायला लागलो.

"डॉक्टर, मी पळत होतो."

बाईंनी वर पाहिलं.

"रोज पळत होतो. तुम्ही नको म्हणालात तरी. दुपारी घरी कुणी नसायचं. चांगला तासभर पळायचो. म्हणून उतरली नसणार. परत करू, परत तीन महिने बसतो मी, सहा बसतो, या वेळी नक्की बसतो."

"तो नाही पळाला," बायको म्हणाली. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला वाटतं त्या घडीला तिला सगळं कळलं, मी काय मागत होतो तेसुद्धा. "घरीच होता. पळाला असता तर मला कळलं असतं."

"मी पळालो होतो," मी म्हटलं.

"पळून व्रण पडत नाहीत," बाई शांतपणे म्हणाल्या. मला खोटं पाडायची त्यांची इच्छा नव्हती. मुलीला परवा सकाळी घेऊन या, तपासणीत दुखत वगैरे काही नाही, आणि तोवर तिला पळू देऊ नका, शाळेत सांगून ठेवा, एवढं सांगून त्या उठल्या. बाहेर बाकांवर लोक बसले होते, एकाला शिंक आली. बायको जिन्यापाशी थांबली. "आज बुधवार," ती म्हणाली. "आज त्यांचा खेळाचा तास असतो."

ती टॅक्सीतून शाळेत फोन लावत होती आणि तिकडे तो वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. टॅक्सीवाल्याने आरशातून मला ओळखलं. म्हणाला, साहेब, परत कधी दिसणार मैदानात? बायको त्याला म्हणाली, जरा लवकर घ्या. सिग्नलला तो थांबला तेव्हा मला उतरून पळावंसं वाटत होतं, आणि मी हात मांडीखाली घालून बसलो होतो. शाळेच्या पुढच्या फाटकाला कुलूप होतं. बायको वॉचमनला शोधायला कडेने वळली. मी मागच्या बाजूला गेलो, तिथे मैदानाला तारेची जाळी आहे. पोरांचा गलका लांबूनच ऐकू येत होता. चुन्याच्या रेषा आखल्या होत्या, शिट्टी आधीच झालेली होती, सात-आठ पोरी एका ओळीने इकडेच पळत येत होत्या आणि माझी सगळ्यांच्या पुढे होती. मी तिला पळताना असं कधी बघितलंच नव्हतं. तिची शाळा आणि माझा सराव एकाच वेळी असायचा. माझ्यासारखीच पळत होती, खांदे न हलवता, तोंड मिटून. मी जाळीवर हात आपटले. थांब म्हणून ओरडलो. खाली बस, खाली बस, म्हणून ओरडलो. दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवले. त्या गलक्यात तिला शब्द कुठले ऐकू जाणार? तिला एवढंच दिसलं की कधी नव्हे तो आपला बाप शर्यत बघायला आलाय आणि हात हलवून ओरडतोय. ती माझ्याकडे बघून हसली, मान खाली घातली आणि आणखी जोरात पळाली.